पिशवी काढण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, असे आयोजकांनी आम्हांला कळविले तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह आणि रक्तदाब हे विषय असणार. त्या विषयांवर आपण येथे अनेकदा बोललो आहोत. आज आम्ही एक असा विषय घेतला आहे, जो आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलला जातो आणि पुरुष मंडळी खोलीत आली की थांबतो. तो विषय म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. वैद्यकशास्त्रात तिला हिस्टरेक्टॉमी म्हणतात. आपल्या गावाकडच्या भाषेत ‘पिशवी काढणे’. कर्करोग नसताना ही शस्त्रक्रिया किती वेळा खरोखरच आवश्यक असते, हा आजचा प्रश्न आहे. सभागृहातील पुरुषांना विनंती की त्यांनी हा बायकांचा विषय समजून चहाला उठून जाऊ नये. कारण या शस्त्रक्रियेचा निर्णय पुष्कळदा आपणच घेतो, आणि तिचे पैसे तर बहुधा आपणच पाठवितो.

पैशांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. प्रारंभी आमच्याच घरची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

१९९८ साली आम्ही शिकागो येथे रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका रात्री जालना जिल्ह्यातील आमच्या गावाहून दाजींचा फोन आला. त्या काळी गावातील एस.टी.डी. बूथवरून केलेला फोन म्हणजे प्रत्येक मिनिटाचा हिशेब. दाजी म्हणाले, “ताईची पिशवी खराब झाली म्हणतात डॉक्टर. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. ठेवली तर कॅन्सर होईल म्हणाले. आता काढूनच टाकावी.” ताई तेव्हा चौतीस वर्षांची होती. तीन मुले झाली होती. आम्ही तीन प्रश्न विचारले: ऑपरेशन कधी, कोठे आणि किती खर्च. दुसऱ्या दिवशी साडेतीनशे डॉलर पाठविले. आपण आपल्या बहिणीसाठी काही करू शकलो, याचे समाधान वाटले आणि पुन्हा ड्युटीवर गेलो.

चार वर्षांनी गावी गेलो तेव्हा लोखंडी पेटीत जपून ठेवलेली दवाखान्याची फाईल ताईने दाखविली. तिच्यात पॅथॉलॉजीच्या तपासणीचा एक कागद होता. गर्भाशय नेहमीच्या आकाराचे. दोन्ही अंडाशये निरोगी. ग्रीवेला, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाला, जुनाट सूज. वैद्यक शिकलेल्या माणसाला या ओळींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुले झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या ग्रीवेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर अशी सूज दिसते. तो रोग नव्हे. अंगावरून पांढरे जाण्यावर काही रुपयांच्या गोळ्या पुरल्या असत्या. पण गर्भाशय गेले, आणि त्याच्याबरोबर दोन निरोगी अंडाशयेही गेली. चौतिसाव्या वर्षी ताईची पाळी कायमची गेली. अंगाची आग, रात्रीचा घाम आणि निद्रानाश हे तिने “ऑपरेशनची उष्णता” म्हणून सोसले. पन्नाशी ओलांडल्यावर अंगणात साधी घसरून पडली तर मनगट मोडले, आणि एक्स-रेमध्ये पाठीचे दोन मणके दबलेले दिसले.

त्या दवाखान्याला दोष देणे सोपे आहे. परंतु बंधू-भगिनींनो, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर होता, आणि त्याने “निदान काय?” हा प्रश्न विचारला नाही. तो डॉक्टर म्हणजे आम्ही.

ही एका घराची गोष्ट असती तर आम्ही ती या व्यासपीठावर आणली नसती. एप्रिल २०१९ मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ या दैनिकात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या खेड्यांत तरुण वयातच पिशवी काढलेल्या स्त्रिया घरोघर आहेत, असे त्यात म्हटले होते. विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास येते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नसतील. तरीही एवढे अंतर वयाने भरून निघत नाही.

हे असे का घडते? आपल्यापैकी कित्येकांचे आजे-आजी मराठवाड्यातून किंवा नगरकडून ऊसतोडीला गेले असतील, त्यांना हे सांगावे लागणार नाही. नवी पिढी येथे बसली आहे, तिच्यासाठी सांगतो. दसरा झाला की टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि ती फिटेपर्यंत जोडीने राबायचे. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते, आणि वरून दंड कापला जातो. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या. मुक्काम पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत. तेथे न्हाणीघर नाही, संडास नाही, पुरेसे पाणी नाही. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस कसे काढायचे? जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. गावी परतल्यावर बाई दवाखान्यात जाते. तेथे सोनोग्राफीचा कागद दाखवून तिला सांगितले जाते की पिशवीला गाठ आहे, सूज आहे, पुढे कर्करोग होईल. ‘कर्करोग’ हा शब्द ऐकल्यावर कोणती बाई नाही म्हणेल? मुले झालेलीच असतात. पाळी गेली तर खाडाही जाईल, असा विचार तिच्या मनात येतो. आणि तो तिने करावा अशीच कामाची रचना असते. ऑपरेशनचा पैसा पुन्हा मुकादमाकडूनच उचलला जातो. अशा रीतीने घाणेरड्या पाण्यामुळे झालेल्या रोगावर उपाय म्हणून निरोगी अवयव काढला जातो आणि कर्ज तेवढे वाढते. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याच साखरेचा माग काढला, तेव्हा तो अमेरिकेतील शीतपेयांच्या मोठ्या कंपन्यांपर्यंत येऊन पोहोचला. म्हणजे हा विषय आपल्यापासून आठ हजार मैल दूर आहे, असेही म्हणता येत नाही.

या स्त्रिया कोण आहेत? वंजारी आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत, भटक्या जमातींच्या आहेत. ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा असलेली जमीन पाण्यावाचून पडून आहे, अशांच्या लेकी-सुना आहेत. आणि त्याच्याही पूर्वी, १९९४ साली, शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातील मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली होती. कारण दिले गेले ते पाळीच्या स्वच्छतेचे. महिला संघटनांनी आवाज उठविला तेव्हा ते थांबले. मुलींच्या देखभालीसाठी माणसे पुरविण्याऐवजी त्यांचा अवयव काढणे व्यवस्थेला सोयीचे वाटले. ज्या स्त्रीचा शब्द समाजात मोजला जात नाही, तिच्या शरीराविषयीचा निर्णय दुसरेच कोणी घेतात, असे या दोन्ही घटनांत दिसते.

कोणी म्हणेल, हे भारतात घडते. आपण प्रगत देशात राहतो. म्हणून या देशाकडेही पाहू.

मिसिसिपी राज्याच्या सनफ्लॉवर परगण्यात फॅनी लू हेमर नावाची कृष्णवर्णीय स्त्री कापसाच्या मळ्यात राबत असे. १९६१ साली गर्भाशयातील एक लहानशी गाठ काढून घेण्यासाठी ती रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी तिला न विचारता गर्भाशयच काढले. ही गोष्ट तिला डॉक्टरांकडून नव्हे, तर मळ्यावरील लोकांच्या बोलण्यातून समजली. त्या भागात हा प्रकार इतका सर्रास होता की लोक त्याला ‘मिसिसिपी अपेंडेक्टॉमी’ म्हणत. हीच फॅनी लू हेमर पुढच्या वर्षी मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेली, त्यापायी मळ्यावरून हाकलली गेली, आणि १९६४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने दिलेली साक्ष साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिली. कापूस वेचणारी ही बाई आणि ऊस तोडणारी आपली बाई यांची भेट झाली असती, तर भाषा वेगळी असूनही दोघींना एकमेकींचे दुःख समजावून सांगावे लागले नसते.

अशा अनुभवांतून आणि चळवळींतून या देशात काही नियम आले. केंद्र सरकारने १९७८ साली जाहीर केलेल्या नियमांनुसार, केवळ मूल होऊ नये एवढ्यासाठी केलेल्या हिस्टरेक्टॉमीला मेडिकेडचा पैसा मिळत नाही. आणि इतर कारणासाठी ती करावयाची असेल तर यापुढे मूल होणार नाही हे स्त्रीला तोंडी व लेखी सांगून तिची सही घ्यावी लागते. हा नियम आजही आहे. तो एखाद्या सज्जन अधिकाऱ्याने सुचला म्हणून केलेला नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्या स्त्रिया न्यायालयांत आणि रस्त्यांवर उतरल्या, म्हणून तो झाला.

तरीही या देशात ही शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होत आली आहे. साठीला पोचेपर्यंत अमेरिकेतील सुमारे तीन स्त्रियांपैकी एकीचे गर्भाशय काढलेले असते, असे अनेक वर्षे मानले जाते, आणि त्यांपैकी बहुतांश शस्त्रक्रिया कर्करोगासाठी नसतात. रुग्णालयात दाखल करून केलेल्या अशा शस्त्रक्रिया २००२ साली ६,८१,२३४ होत्या. २०१० साली त्या ४,३३,६२१ वर आल्या. घट झाली ती अंशतः नवे उपचार आल्यामुळे, आणि अंशतः त्याच दिवशी घरी पाठविण्याची पद्धत वाढल्यामुळे.

या सर्व शस्त्रक्रिया आवश्यक होत्या काय? दक्षिण कॅलिफोर्नियातील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कर्करोग किंवा तातडीचे कारण नसताना ज्या ४९७ स्त्रियांना ही शस्त्रक्रिया सुचविली गेली होती, त्यांचे कागद तज्ज्ञांनी तपासले. शंभरांतील सत्तर जणींच्या बाबतीत शिफारस योग्य निकषांत बसत नव्हती. मुख्य कारणे दोन: आधी पुरेशा तपासण्या केल्या नव्हत्या, आणि साधे उपचार करून पाहिले नव्हते. २०१५ साली मिशिगनमधील ५२ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३,३९७ स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी दुसरा कोणताही उपचार केल्याची नोंद शंभरांतील सुमारे अडतीस जणींच्या कागदांत नव्हती. काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीत शस्त्रक्रियेला आधार देणारे काही सापडले नाही, अशा स्त्रिया एकूण शंभरांत अठरा होत्या. परंतु चाळिशीच्या आतील स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे अडतीस होते. हा आकडा वाचला तेव्हा आम्हांला ताईच्या पेटीतला कागद आठवला. तशा ओळी अमेरिकेतील उत्तम रुग्णालयांतही लिहिल्या जातात.

आता नाण्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे अर्धवट ठरेल. गर्भाशय काढणे हे काही पाप नव्हे. कर्करोगात, बाळंतपणानंतर कशानेही न थांबणाऱ्या रक्तस्रावात ही शस्त्रक्रिया प्राण वाचविते. मोठ्या गाठींमुळे किंवा गर्भाशयाच्या स्नायूंत अस्तर शिरल्यामुळे महिनोन्महिने रक्त जाते, औषधे हरतात, बाई पांढरीफटक पडते. अशा वेळी शस्त्रक्रियेने तिचे आयुष्य सुधारते. मेन राज्यात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा त्रास असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर आराम पडल्याचे दिसले. आमच्या परिचयातील एका भगिनीने येथे न्यूजर्सीत दोन वर्षे जड पाळी कोणाला न सांगता सोसली. हिमोग्लोबिन सातवर आले तेव्हा ती कामावर चक्कर येऊन पडली. तिच्या गर्भाशयात अनेक मोठ्या गाठी होत्या. औषधोपचार झाले, ते पुरले नाहीत. शस्त्रक्रिया झाली आणि ती आज ठणठणीत आहे. तेव्हा नको असताना कापणे ही जशी चूक, तशी गरज असताना मुकाट्याने सोसणे हीदेखील चूकच. आमचा विरोध शस्त्रक्रियेला नाही. तपासणीवाचून केलेल्या, भीती घालून केलेल्या आणि पर्याय न सांगता केलेल्या शस्त्रक्रियेला आहे.

मग पर्याय कोणते? जड पाळी हे लक्षण आहे, रोग नव्हे. तिच्यामागे थायरॉइडचा बिघाड असू शकतो, रक्त गोठण्यातील जन्मजात दोष असू शकतो, अस्तरातील लहान कोंब असू शकतो, फायब्रॉइडच्या गाठी असू शकतात. म्हणून प्रथम रक्ताच्या तपासण्या, गर्भ राहिला नाही ना याची खात्री, सोनोग्राफी. आणि वय पंचेचाळीस किंवा अधिक असेल तर अस्तराची बायॉप्सी. उपचार सुरू होतो लोहाच्या गोळ्यांनी. पाळीच्या दिवसांत घ्यावयाचे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड रक्तस्राव कमी करते. हॉर्मोनच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसविण्याचे हॉर्मोनयुक्त साधन आहे, जे ‘मिरेना’ या नावाने आपल्याला माहीत आहे. जड पाळीवरील उपचार म्हणून त्याला या देशात २००९ साली मान्यता मिळाली. फिनलंडमध्ये २३६ स्त्रियांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला हे साधन आणि दुसऱ्याला शस्त्रक्रिया दिली गेली. पाच वर्षांनी पहिल्या गटातील शंभरांतील बेचाळीस जणींना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक जणींचा अवयव वाचला, आणि दोन्ही गटांच्या समाधानात फरक नव्हता. याशिवाय मूल नको असलेल्यांसाठी अस्तर जाळण्याची लहान शस्त्रक्रिया आहे. गाठ तेवढी काढून गर्भाशय ठेवता येते. गाठीला रक्त नेणारी वाहिनी मांडीतून नळी घालून बंद करता येते. कॉन्डोलिझा राइस यांच्यावर २००४ साली हाच उपचार झाला होता.

फायब्रॉइडविषयी दोन शब्द अधिक. पन्नाशीपर्यंत या देशातील गौरवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणींना या गाठी होतात. बहुतेकींना त्यांचा पत्ताही नसतो. पाळी गेल्यावर त्या सहसा आक्रसतात. या गाठींत दडलेला कर्करोग क्वचित, शेकडो किंवा हजारो स्त्रियांत एखादीला आढळतो. तेव्हा सोनोग्राफीत ‘गाठ’ दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. मात्र पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर एकही आठवडा वाया न घालविता तपासणी करावी. आमच्या आजच्या भाषणाचा आधार घेऊन कोणी ती तपासणी पुढे ढकलू नये, ही हात जोडून विनंती.

आणि अंडाशये. ‘आता त्यांचा काय उपयोग, बरोबरच काढून टाकू,’ असे सहज म्हटले जाते. नैसर्गिक वयापूर्वी दोन्ही अंडाशये काढली आणि हॉर्मोन दिले नाहीत, तर हाडे, हृदय आणि स्मृती यांवर परिणाम होतो, हे मेयो क्लिनिकच्या आणि इतरांच्या दीर्घकालीन अभ्यासांत दिसून आले आहे. मेयोच्याच २०१८ सालच्या अभ्यासात, अंडाशये ठेवूनही पस्तिशीपूर्वी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे हृदयविकाराचे प्रमाण वाढलेले आढळले. ज्यांच्या घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग आनुवंशिक आहे, त्यांची गोष्ट वेगळी. इतरांनी चाळिशीत निरोगी अंडाशये देण्यापूर्वी दहादा विचार करावा.

कायद्याकडे पाहिले तर भारतातही काही हालचाल झाली आहे. बीड जिल्ह्यात २०१९ नंतर खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. बिहार, छत्तीसगढ आणि राजस्थान येथील प्रकारांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असे बजावले. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमण्याची तरतूद त्या तत्त्वांत आहे. परंतु समितीच्या टेबलावर कागद पोहोचेपर्यंत शस्त्रक्रिया होऊन गेलेली असते. तिच्या आधी घरातील कोणीतरी प्रश्न विचारला पाहिजे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळावी आणि त्या काळातील तिचे वेतन बुडू नये, हा त्या विधेयकाचा गाभा. स्त्रीचे शरीर कामासाठी झिजवून टाकावे की काम तिच्या शरीराला मानवेल असे करावे, हा तो प्रश्न होता. त्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली, आणि फडातील बाई पाळीच्या चार दिवसांची सुट्टी मिळत नाही म्हणून पाळीचेच मूळ काढून देते. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण येथे वर्गणी काढतो, ते चांगलेच आहे. पण त्यांनी मांडलेला हा प्रश्न अजून सुटलेला नाही, याचीही आठवण ठेवू.

गेल्या वर्षी पुन्हा फोन आला. आता एस.टी.डी. बूथ राहिले नाहीत. व्हॉट्सॲपवर भाचीचाच चेहरा दिसला. ताईची धाकटी मुलगी, वय छत्तीस. म्हणाली, “मामा, मला पण पिशवी काढायला सांगितली.” तिच्यामागे ताई बसली होती. ती काही बोलली नाही. या वेळी आम्ही प्रथम पैशांचे बोललो नाही. सर्व कागदांचे फोटो मागविले. थायरॉइडची तपासणी झालीच नव्हती. तिला घाटी रुग्णालयात पाठविले. छत्रपती संभाजीनगरच्या, पूर्वीच्या औरंगाबादच्या, त्याच शासकीय महाविद्यालयात आम्ही शिकलो. थायरॉइड मंदावलेले निघाले, रक्त कमी निघाले, गर्भाशयात एक लहान गाठ. औषधे सुरू झाली आणि पाळी आवरली. तिचे गर्भाशय आज शाबूत आहे. पुढे कधी काढावे लागेलही. पण ते निदान करून, तिला समजावून आणि तिच्या मर्जीने निघेल.

म्हणून गावाहून असा फोन आला, किंवा येथेच आपल्या घरात हा प्रसंग आला, तर पुढील प्रश्न विचारावेत. लिहून घ्या.

१. निदान काय? ‘सूज’ किंवा ‘पिशवी खराब’ हे निदान नव्हे. रोगाचे नाव कागदावर मागा.

२. कोणत्या तपासण्या झाल्या? हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, ग्रीवेची पॅप तपासणी, आणि वयानुसार बायॉप्सी.

३. कोणते औषध दिले, किती महिने, आणि त्याने काय झाले?

४. शस्त्रक्रिया आज न करता तीन महिने थांबलो तर काय होईल? खरी तातडी असेल तर डॉक्टर तिचे कारण सांगतील.

५. अंडाशये ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का?

६. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले काय? मराठवाड्यात घाटी आहे, अंबाजोगाईचे शासकीय महाविद्यालय आहे. येथे अमेरिकेत दुसरे मत घेणे हा आपला हक्क आहे, आणि त्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

७. आणि सर्वांत महत्त्वाचे: बाईला स्वतःला काय हवे आहे? फोन तिच्या हातात द्यावयास सांगा. नवऱ्याशी, दिराशी किंवा सासूशी बोलून तो बंद करू नका.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून किंवा थोर माणसाने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. डॉक्टरही त्याला अपवाद नाही. आम्हीही नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्यात आठ-दहा डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषधशास्त्र शिकलेली मुले-मुली आहेत. दर रविवारी सकाळी दोन तास आपण आळीपाळीने द्यावेत. ज्या कुटुंबाला गावाहून असा निरोप येईल, त्याने कागद आपल्याकडे पाठवावेत. आपण येथून उपचार ठरवायचे नाहीत. तो अधिकार तेथील डॉक्टरांचाच. आपण कागद वाचावेत, कोणते प्रश्न विचारायचे ते सांगावे, आणि जवळच्या शासकीय रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. आमचे नाव पहिल्या रविवारसाठी लिहून घ्यावे.

ताईला आम्ही हे भाषण आधी वाचून दाखविले होते. आमची गोष्ट सांगितली तर चालेल ना, असे विचारले. ती म्हणाली, “सांग. पैसे पाठवलेस तेही सांग, आणि विचारलं नाहीस तेही सांग.” ते आज सांगितले. जयभीम.